‘पूर्वीचे कुत्रे हाडेच खात होते’ : एका समजुतीची ऐतिहासिक तपासणी

१.
आजचा धागा राजेरजवाड्यांचा नाही, कुत्र्यापुढे पडणाऱ्या हाडाचा आहे. गेल्या वर्षी लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी कंदुरीचे जेवण झाले. पंगत उठल्यावर पत्रावळींवरची शिजलेली हाडे आमच्या मोत्यापुढे पडली. तिसऱ्या दिवशी त्याने अन्न सोडले, चौथ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना. अखेर शस्त्रक्रिया करून आतड्यात अडकलेला हाडाचा टोकदार तुकडा काढावा लागला. मोत्या वाचला, पण थोडक्यात.

२.
त्याला घरी आणल्यावर दोन वाक्ये कानी पडली. पहिले वडीलधाऱ्यांचे : “पूर्वीचे कुत्रे हाडेच खात होते, त्यांना कुठे काय झाले?” दुसरे शेजारच्या काकांचे : “बकऱ्याचे हाड फुटते. मोठ्याचे आणून देत जा, ते फुटत नाही.” पहिले वाक्य उघडउघड इतिहासाविषयीचे विधान आहे. दुसऱ्यातही पिढ्यांचा अनुभव असल्याचा दावा आहे. मी नांदेडला इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. कोणी ‘पूर्वी’ म्हटले की ‘पूर्वी म्हणजे केव्हा?’ असे विचारण्याची सवय आम्हाला लावली जाते. तोच प्रश्न येथे विचारून पाहू.

३.
आरंभ जुन्या पुराव्यापासून करू. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तेथे धातूच्या चार जड मूर्ती सापडल्या. त्यांपैकी एक म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ. त्यात एक पुरुष उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. या मूर्तींच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, मात्र त्या सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मानल्या जातात. बैल, माणूस आणि कुत्रा हे त्रिकूट महाराष्ट्राच्या भूमीवर किती जुने आहे, हे सांगायला हा एक रथ पुरेसा आहे.

४.
पण मूर्तीतला कुत्रा काय खात होता, हे मूर्ती सांगत नाही. त्यासाठी वस्तीच्या उकिरड्याकडे जावे लागते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन घरांभोवती जनावरांची हाडे मोठ्या प्रमाणावर मिळाली. त्यांत गाय-बैलांची हाडेही आहेत. काहींवर हत्याराने कापल्याच्या खुणा आहेत, काही भाजलेली आहेत. माणसाने खाऊन टाकलेल्या हाडाचे पुढचे गिऱ्हाईक कुत्रा असे. हाडांचा अभ्यास करणारे पुरातत्त्वज्ञ म्हणूनच प्रत्येक हाड दोनदा वाचतात : एकदा सुरीच्या खुणांसाठी आणि एकदा दातांच्या खुणांसाठी.

५.
कुत्र्याच्या दातांची खूण ओळखायला पुरातत्त्वशास्त्र कसे शिकले, हे फार रोचक आहे. १९६० च्या दशकात सी. के. ब्रेन हा संशोधक आफ्रिकेत, नामिबियातील कुईसेब नदीकाठच्या पशुपालकांच्या वस्त्यांत गेला. तेथे माणसे शेळ्या खात आणि हाडे कुत्र्यांपुढे टाकत. उरलेली हाडे गोळा करून त्याने मोजली. त्यात एक स्पष्ट सूत्र दिसले : हाडांची मऊ, सच्छिद्र टोके नाहीशी झाली होती आणि कठीण भाग जागेवर राहिला होता. शेळीच्या पुढच्या पायाच्या वरच्या हाडाचे खांद्याकडील टोक जवळजवळ कोठेच उरले नव्हते. त्याच हाडाचे कोपराकडील घट्ट टोक मात्र मोठ्या संख्येने उरले होते.

६.
हे सूत्र लक्षात ठेवा, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. अख्खे हाड समोर आले की कुत्रा सांध्याकडचे टोक कुरतडतो. तेथे हाड स्पंजासारखे असते, कूर्चा असते, चरबी असते. मधली नळी तो बहुधा सोडून देतो. आता आपल्या बाजारातील चित्र पाहा. खाटीक सत्तूरने नळीचेच तुकडे करतो, कारण माणसाला मगज हवा असतो. माणसाच्या आवडीचा तो आखूड, कठीण, धारदार कडांचा तुकडा मग कुत्र्याच्या वाट्याला येतो. पूर्वीच्या कुत्र्याने जो भाग टाकला असता, तोच आपण आजच्या कुत्र्याला लाडाने देतो.

७.
आता मध्ययुगात येऊ. लातूर आणि नांदेडचा परिसर ज्यांच्या अमलाखाली होता, त्या कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते येथून फार दूर नाही. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा. राजाच्या अन्नापासून करमणुकीपर्यंत सर्व विषय त्यात येतात, आणि कुत्र्यांना त्यात स्वतंत्र प्रकरण लाभले आहे. दरबारात शिकारी कुत्रा ही जोपासण्याची, पारखण्याची वस्तू होती. आजही लातूर-उदगीर भागात सडपातळ, लांब पायांचे कारवान कुत्रे अभिमानाने पाळले जातात.

८.
लोकधर्मात तर कुत्र्याचे स्थान याहून वरचे आहे. नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे आणि तेथे श्वानांचे प्रदर्शनही भरते. खंडोबाच्या चित्रात घोड्यासोबत कुत्रा असतोच. त्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात. काही ठिकाणी त्यांनी देवाच्या दारी कुत्र्यासारखे भुंकण्याची आणि जमिनीवर ठेवलेल्या पात्राला तोंड लावून खाण्याची प्रथा होती. ज्या प्राण्याला आपण ‘हाड’ म्हणून हाकलतो, त्याचेच रूप भक्ताने घ्यावे, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे.

९.
या परंपरेत कुत्र्याच्या तोंडी काय दिसते? नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजले जाते. नामदेवांची सर्वांना ठाऊक असलेली कथा आठवा. कुत्रा पळाला तो भाकरी घेऊन, आणि नामदेव मागे धावले ते तुपाची वाटी घेऊन. कथा भक्तीची आहे, पण तिच्या पार्श्वभूमीवर समाजाची एक साधी नोंद आहे : या प्रदेशातील कुत्र्याचे रोजचे अन्न म्हणजे भाकरतुकडा. धनगराच्या वाड्यावरचा कुत्राही मुख्यतः भाकरीवरच वाढे.

१०.
विज्ञानही या नोंदीला दुजोरा देते. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लांडगा आणि पाळीव कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली होती. पिष्टमय अन्न पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक आढळल्या. शेती करणाऱ्या माणसाच्या उंबऱ्यावर राहता राहता कुत्र्याचे पोट धान्याला सरावले. म्हणजे ‘पूर्वीचे कुत्रे हाडेच खात होते’ या वाक्यातील ‘हाडेच’ मधला ‘च’ प्रथम गळतो. जेवण भाकरीचे होते. हाड हे कधीमधी मिळणारे, तासन्‌तास चघळण्याचे निमित्त होते.

११.
मग कधीमधी मिळणारे ते हाड कोठून येई? येथे इतिहासाचा कठोर भाग सुरू होतो. मराठवाड्याच्या गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेणे हे महार समाजावर लादलेले काम होते. त्या सेवेच्या मोबदल्यातील वतनी जमिनीला ‘हाडकी-हाडवळा’ म्हणत. शब्दातच हाड आहे. गावाबाहेर जेथे जनावर सोलले जाई, तेथे सांगाडा उरे. गावातल्या कुत्र्यांना मोठ्या जनावराचे हाड मिळण्याची मुख्य जागा हीच होती. ज्या गावाने जनावर आयुष्यभर राबवले, ते त्याच्या मरणानंतरचे सर्व काम गावकुसाबाहेर ढकलून मोकळे होत असे.

१२.
त्या मांसावर माणसेही जगली. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या, म्हणजे टंचाईच्या दिवसांची शिदोरी, आपल्या छापील पाकपुस्तकांत कधी आली नव्हती. १९-२० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. पुढे मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारणे हा स्वाभिमानाच्या लढ्याचा भाग झाला आणि त्यासाठी अनेक गावांत बहिष्कारही सोसावा लागला. कुत्र्याच्या हाडाविषयी बोलताना हा इतिहास ओलांडून जाणे अप्रामाणिक ठरेल. “पूर्वी सगळे छान होते” असे म्हणणाऱ्याने ते कोणाच्या श्रमावर छान होते, हेही सांगावे.

१३.
आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या सांगाड्याची तीन वैशिष्ट्ये नोंदवू. एक, हाड कच्चे होते. दोन, ते अख्खे होते, कोणी त्याचे इंचाइंचाचे तुकडे केलेले नव्हते. तीन, त्यावरील मांस आणि आतील अवयव बहुधा आधीच संपलेले असत. माणसांनी नेले नसतील तर गिधाडांनी. गिधाडांचा थवा बैलाचा सांगाडा काही वेळातच स्वच्छ करी. कुत्र्याच्या वाट्याला येई ते जवळजवळ कोरडे हाड.

१४.
ही साखळी आपल्या आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत तुटली. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांना मारक ठरते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या त्याच्या वापरावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. रिकामी पडलेली जागा कुत्र्यांनी घेतली. २००८ मधील एका अभ्यासाने १९९२ ते २००६ या काळात किमान ५५ लाख कुत्रे वाढल्याचा आणि त्यामुळे रेबीजचे सुमारे ४७-४८ हजार अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. म्हणजे कुत्रा आणि सांगाडा यांचे ‘पूर्वीचे’ नाते आज अस्तित्वातच नाही.

१५.
दुसरा बदल घराच्या आत झाला. १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि पुढील दशकांत ते गावोगावी पोहोचले. शिजल्यावर हाडाचे काय होते, ते पायाच्या शोरव्यावरून समजते. हाडाला लवचिकपणा देणारे कोलाजेन उष्णतेने जिलेटिन बनून रश्श्यात उतरते. रस्सा घट्ट होतो आणि हाडात उरतात मुख्यतः क्षार. असे हाड ठिसूळ होते आणि चावल्यावर त्याच्या सुयांसारख्या कपच्या निघतात. मोत्याच्या आतड्यात सापडली ती अशीच कपची. शिवाय रश्श्यातील कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतात, तेही त्या हाडाला चिकटून जातात.

१६.
आता काकांचा सल्ला तपासू : मोठ्याचे हाड. आधी वस्तुस्थिती. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीखाली आले. देवणी आणि लाल कंधारी ही आपल्या दोन जिल्ह्यांची भूषणे या संरक्षणाखाली येतात. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम मात्र रद्द केले. त्यामुळे आज नांदेड किंवा लातूरच्या बाजारात ‘मोठ्याचे’ म्हणून राजरोस मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे हाड.

१७.
हे हाड फुटत नाही, हे काकांचे निरीक्षण बऱ्याच अंशी खरे आहे. अडचण अशी की हाड फुटले नाही तर दात फुटतो. कुत्र्याच्या दातावरील कवच एक मिलिमीटरहूनही पातळ असते, आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक. वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ ही त्याची मुख्य कातर. म्हशीच्या नळीवर जोर लावला की नेमकी हीच दाढ उभी तडकते. कुत्रा बोलत नाही, एका बाजूने खाऊ लागतो, आणि आपल्याला ते कळायला महिने जातात. नळीचे गोल काप आणखी वेगळा घात करतात : मगज चाटता चाटता ते खालच्या जबड्यात कड्यासारखे अडकतात आणि कापूनच काढावे लागतात.

१८.
तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. हाड घेताना अनेकदा दुकानदार काळीज किंवा फोपसा फुकट देतो. हायडॅटिड रोगाच्या फीतकृमीचा प्रवास याच मार्गाने होतो. जनावराच्या यकृतात आणि फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि हातावाटे माणसाच्या पोटात जातात. माणसाच्या यकृतात वर्षानुवर्षे गाठ वाढत राहते. कुत्रा मात्र धडधाकट दिसतो. म्हणूनच “कुत्र्याला कुठे काय झाले?” हा प्रश्न येथे अपुरा पडतो. घरातल्या मुलाला काय झाले, हेही विचारावे लागते.

१९.
या रोगाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. १८५० च्या दशकात कार्ल फॉन सिबोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने गाठी आणि कुत्र्यातील कृमी ही एकाच जीवाची दोन रूपे असल्याचे प्रयोगाने दाखविले. त्या काळी आइसलंड या रोगाने ग्रासले होते. १८६३ मध्ये हॅराल्ड क्राबे हा डॅनिश पशुवैद्यक तेथे गेला. त्याने तपासलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे पाव कुत्र्यांत हे कृमी निघाले. त्याने सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली आणि ती घरोघर वाटली गेली. सांगणे साधे होते : कापलेल्या जनावराचे अवयव कुत्र्याला देऊ नका, ते जाळा किंवा पुरा. पुढे कायदे आले, कुत्र्यांना कृमिनाशके दिली गेली आणि विसाव्या शतकात तो देश या रोगातून जवळजवळ मुक्त झाला. एवढा मोठा बदल घडला तो मुख्यतः कुत्र्यापुढे काय टाकायचे नाही, हे लोकांना पटल्यामुळे.

२०.
म्हणजे हाड सुरक्षितपणे देता येते की नाही? पूर्ण निर्धोक हाड असे काही नसते, आणि अनेक पशुवैद्यक ‘देऊच नका’ असेच सांगतात. दुकानात मिळणारी भाजलेली, वाळवलेली पाकीटबंद हाडेही त्याला अपवाद नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २०१० ते २०१७ या काळात अशा हाडांविषयी सुमारे ६८ तक्रारी आल्या आणि त्यांत १५ कुत्र्यांच्या मृत्यूंची नोंद होती. तरीही ज्यांना द्यायचेच आहे, त्यांच्यासाठी वरील इतिहासातून निघणारे नियम असे.

२१.
शिजवलेले हाड कोणत्याही जनावराचे असो, देऊ नये. पंगतीनंतरची हाडे झाकून, बांधून टाकावीत.
हाड कच्चे, ताजे आणि तपासणी झालेल्या जनावराचे असावे. आकार कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठा असावा, अख्खे गिळता येईल असा नको.
नळीचे काप घेऊ नयेत. गुडघ्याकडील सांध्याचे अख्खे टोक मागावे. अंगठ्याचे नख दाबूनही जेथे खूण उमटत नाही, तो भाग दातांसाठी फार कठीण समजावा.
मगज काढून टाकावा किंवा अगदी थोडा ठेवावा. एकदम पोटात गेलेल्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.
काळीज, फोपसा कच्चे कधीही देऊ नयेत. द्यायचे तर पूर्ण शिजवून, हाडाविना.

२२.
हाड पोट भरल्यावर द्यावे, म्हणजे कुत्रा अधाशीपणे गिळत नाही. दहा-पंधरा मिनिटे समोर बसून राहावे आणि मग ते काढून घ्यावे. एका घरात दोन कुत्रे असतील तर त्यांना वेगळे बसवावे.
उरलेले हाड दुसऱ्या दिवसासाठी अंगणात ठेवू नये. कच्च्या हाडावर साल्मोनेलासारखे जिवाणू असतात. फ्रीजरमध्ये ठेवल्याने ते मरत नाहीत. हात, भांडे आणि फरशी साबणाने धुवावी.
पिल्लू, म्हातारा कुत्रा, दातांचा किंवा पोटाचा त्रास असलेला कुत्रा यांना हाड नकोच. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक काळाने कृमिनाशक द्यावे.
वारंवार उलटी, कुंथणे, शौचात रक्त, पोट ताठर होणे, तोंडावर पंजा मारत राहणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करत थांबू नये. आम्ही दीड दिवस थांबलो होतो. त्याची किंमत मोत्याने मोजली.

२३.
शेवटी पुन्हा पहिल्या वाक्याकडे येतो : “त्यांना कुठे काय झाले?” मी आजीला विचारले, आजोबांचा मोत्या किती वर्षे जगला? ती म्हणाली, “मोत्या तर कायमच होता.” मग आम्ही दोघे मोजायला बसलो. तिचे लग्न झाले तेव्हाचा मोत्या. विहिरीच्या वर्षीचा मोत्या. बाबांच्या शाळेच्या वेळचा मोत्या. एकूण पाच निघाले. कुत्रा मेला की नवे पिल्लू यायचे आणि त्याचेही नाव मोत्याच. एक गाडीखाली गेला. एक म्हातारपणाने गेला. एकाचे तिला आठवले नाही. उरलेल्या दोघांविषयी तिने एकच वाक्य सांगितले : “खाईनासा झाला आणि ओढ्याकडे गेला, तो परत आला नाही.”

२४.
त्या दोघांच्या पोटात काय होते, हे आता कोणी सांगू शकत नाही. पण ‘खाईनासा झाला’ हे लक्षण मी ओळखतो. आमच्या मोत्याचे पहिले लक्षण तेच होते. पूर्वीच्या कुत्र्यांना काही होत नव्हते, असे आपल्याला वाटते, कारण त्यांचे मरण ओढ्याकाठी होई आणि त्यांचे नाव पुढच्या पिल्लाला मिळे. नाव टिकले म्हणून कुत्रा टिकला, असा स्मृतीचा समज झाला. इतिहास वाचताना ही चूक आपण माणसांच्या बाबतीतही करतो. जे टिकले तेवढेच दिसते आणि त्यावरून ‘तेव्हाचे लोक कसे धट्टेकट्टे’ असा निष्कर्ष निघतो. जे ओढ्याकडे गेले, त्यांची नोंद शोधणे हे आपले काम आहे.

२५.
आमच्या मोत्याला आता ज्वारीची भाकरी, उकडलेले अंडे आणि हाडाविना शिजवलेले मांस मिळते. पशुवैद्यकांनी हाड कायमचे बंद केले आहे. आजीने ते मान्य केले, कुरकुर करत का होईना. तुम्हीही घरी एक करून पाहा : आजी-आजोबांना त्यांच्या कुत्र्यांची नावे विचारा, एकेका नावाचे किती होते ते मोजा, आणि प्रत्येकाचे शेवटी काय झाले ते लिहून ठेवा. उत्तरे खाली जरूर कळवा. पुढील धागा माळेगावच्या यात्रेतील जनावरांच्या बाजारावर असेल.